गोठवलेला शब्दकोश

१

मंगळवारी सकाळी मी सायकलवर टांग टाकली आणि पडता पडता वाचले. पाय जमिनीला पोचेचनात. शुक्रवारच्या वादळाने आमच्या रस्त्यावरच्या झाडून साऱ्या सायकली आडव्या केल्या होत्या. त्या उभ्या करताना कुणीतरी माझं सीट वर ओढलं असणार. त्या अज्ञात परोपकाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले, सीट खाली केलं आणि प्रतापच्या दुकानाकडे निघाले. अंगात घरचा निळा रेनकोट होता. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून आणलेला, माझ्या पोटऱ्यांपर्यंत येणारा.

प्रताप कदमचं किराणा दुकान आमच्या बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगराच्या चौकात आहे. मागच्या खोलीत त्याचा पेटीसारखा आडवा फ्रीझर असतो, आणि त्या आठवड्यात त्यात मटार-पराठ्यांच्या जागी आमच्या वस्तीचं वाचनालय झोपलं होतं. वाचनालयाच्या छपरावर वादळात पॉपलरचं झाड पडलं आणि भोकातून रात्रभर पाऊस कोसळला. ओलं पुस्तक दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. गोठवून ठेवलं तर बुरशी थांबते, आणि मग मोठ्या यंत्रात त्यातला बर्फ हळूहळू उडवून ते कोरडं करता येतं. आमची ग्रंथपाल आनेलीस हिने हे सांगितलं तेव्हा निम्म्या लोकांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं होतं. पण शनिवारी दिवसभर आम्ही स्वयंसेवक पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळत होतो आणि प्रताप ती फ्रीझरमध्ये रचत होता. गुरुवारी सकाळी ती न्यायला गाडी येणार होती.

आनेलीस आधीच येऊन थांबली होती. मी फ्रीझरचं कुलूप काढलं. दोघी मिळून एकेक गठ्ठा तपासू लागलो. मराठी कप्प्याच्या थरात ती वाकली, सगळ्यात जाड पुडकं तिने एका हाताने उचललं आणि थबकली.

"हे तू शनिवारी दोन हातांनी आणलं होतंस," ती म्हणाली.

मी प्लास्टिक फाडलं. वर चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती, 'मराठी शब्दकोश'. आत खवलेल्या नारळाची चार गोठलेली पाकिटं होती, नीट एकावर एक रचलेली.

तो शब्दकोश माझ्या सासऱ्यांचा होता.

२

मनोहर पेंडसे, म्हणजे माझे सासरे, पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. शब्दकोशात नसलेला शब्द कानावर पडला की ते समासात पेन्सिलीने लिहून ठेवत, अर्थासकट. भाजीवाल्याचे शब्द, रिक्षावाल्याचे शब्द, आमच्या लग्नातल्या आचाऱ्याचे शब्द. वीस-बावीस वर्षांत त्या समासांत दुसरा शब्दकोश तयार झाला होता. २०१९च्या उन्हाळ्यात इथे आले तेव्हा तो हँडबॅगेत घालून आणला आणि वाचनालयाला देऊन टाकला. "घरात ठेवला तर एकच घर वाचेल," म्हणाले.

एप्रिल २०२१मध्ये पुण्याच्या हॉस्पिटलात ते कोविडने गेले. सासूबाई तेव्हा स्वतः पॉझिटिव्ह, घरात बंद. माझा नवरा आशुतोष इथे, विमानं बंद. शेवटचं दर्शन कुणालाच मिळालं नाही. त्यांचं दुसरं काही हस्ताक्षर मागे नाही. पत्रं लिहिणाऱ्यांतले ते नव्हतेच.

डिसेंबरात आशुतोषने आईंना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं, आणि त्यांनी पहिल्या आठवड्यात वाचनालयात जाऊन तो शब्दकोश काढला. त्यानंतर रोज जात. एका पानावर अर्धा तास. शनिवारी तो भिजलेला ठोकळा मी त्यांच्यासमोर प्लास्टिकमध्ये बांधला तेव्हा त्या नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "आई, मी सांभाळते."

असं म्हणून मोकळी झाले होते, आणि आता हातात नारळ होता.

प्रतापला बोलावलं. त्याने पाकिटं उलटीपालटी केली. "हे माझ्याकडचे नाहीत वहिनी. माझ्याकडे दोन आठवडे नारळच नाही, माल अडकलाय." मग त्याने मास्क नाकावर सरकवला आणि आवाज खाली आणला. कोपऱ्यात हीटरशेजारी त्याची म्हातारी आई बसली होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "कुलपाला दोनच किल्ल्या. एक माझ्या गल्ल्यात, एक तुमच्याकडे. आणि खरं सांगायचं तर, काल दुपारी तुम्हीच आला होतात."

"मी?"

"मागच्या दाराने. हाच निळा कोट, मास्क, टोपी. तुमची सायकल. मी काचेतून हात केला, तुम्ही पण केलात."

आनेलीसला मराठी समजत नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला जे समजायचं ते समजलं. सोमवारी दुपारी मी वाचनालयात होते. सासूबाईंना घेऊन चालत गेले होते. तिथे छपराखाली बादल्या लावत आम्ही आठ-दहा जण वेगवेगळ्या खोल्यांत होतो, आणि पूर्ण वेळ मला पाहिलं असं शपथेवर कोण सांगणार होतं?

३

माझा धाकटा भाऊ सुश्रुत आइंडहोव्हनला चिपच्या कारखान्यात असतो. त्याचं काम बिघाड शोधण्याचं. चिप मेली की ती का मेली हे तो सांगतो. बोलणं इतकं संथ की लहानपणी आई त्याला झोपेतून उठवल्यासारखी हलवायची. मी फोनवर रडले आणि संध्याकाळी तो पाठीवर बॅग घेऊन दारात उभा.

"घरात पेशंट आहे, माहीत आहे ना?" मी म्हटलं. आशुतोषची टेस्ट शुक्रवारी सकाळी पॉझिटिव्ह आली होती. वादळ यायच्या आधीच तो माळ्यावरच्या खोलीत कोंडला गेला. बाहेर त्याची सायकल उडून कालव्यात गेली ती त्याने खिडकीतून पाहिली.

"मला जानेवारीत होऊन गेलाय. जेवायला काय आहे?"

आमटी-भात होता. सासूबाई, म्हणजे वासंती पेंडसे, त्याला वाढता वाढता संकोचल्या. "आज आमटीत काही दम नाही हो सुश्रुत. वाटण घालायला घेतलं आणि सामानच सापडेना. मी स्वतः आणून ठेवलेलं. भात पण बेताने घे. जिन्याखाली नवी तांदळाची गोण होती, माझ्या डोळ्यांसमोर आहे ती, पण नाही. बहुतेक पुण्यातलंच काहीतरी आठवतंय मला."

त्या हसल्या, पण ते हसू खरं नव्हतं. मार्चमध्ये त्या परत जाणार, पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणार. महिनाभर मी बघत होते, चष्मा कुठे ठेवला हे विसरलं की त्या हातातलं काम टाकून खुर्चीत बसत आणि किती तरी वेळ उठत नसत. डोकं चाललंय असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आता शब्दकोशाचं सांगितलं तर काय होईल, या धास्तीने मी घास घोळवत बसले होते.

ताट घेऊन मी माळ्यावर गेले. दाराबाहेर स्टुलावर ठेवलं. त्या स्टुलाची जागा खरं तर आईंची. रोज संध्याकाळी त्या बंद दाराशी बसून लेकाशी बोलत. शनिवारी मी ताट घेऊन वर आले तेव्हा त्या म्हणत होत्या, "परत तेच रे, प्लास्टिक आणि बर्फ," आणि मला पाहून गप्प झाल्या. पुस्तकांचं सांगत असतील, असं मला वाटलं.

"आशुतोष, कसं वाटतंय?"

"बरंय," आतून आवाज आला. "आमटी मस्त होती दुपारची."

मी खाली आले. सुश्रुत जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून नाक वर करून हवा हुंगत होता.

"कसला वास येतोय ग ताई?"

"माझ्या कोटाचा असेल. चार दिवस त्या भिजलेल्या वाचनालयात असते मी."

"दुपारची आमटी कशी होती?"

"विचारू नकोस. तळाला लागली होती. आईंनी फोनवर बोलताना गॅस तसाच ठेवला. मी चमचाभर खाऊन ठेवून दिली."

"हं," सुश्रुत म्हणाला आणि झोपायला गेला. मला त्याचा भयंकर राग आला. माझ्यावर चोरीचा आळ होता आणि हा आमट्यांची चौकशी करत होता.

४

बुधवारी त्याने तिघांना गाठलं. मी बरोबर होते, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.

पहिली मंजूषा देशकर. ती मूळची नागपूरची, इथे रविवारची मराठी शाळा चालवते, आणि तो शब्दकोश शाळेसाठी द्या म्हणून तिने कमिटीला दोनदा भंडावलं होतं. दारातच तिने आमच्याकडे बघून कमरेवर हात ठेवले.

"मला हवा होता ना, तर मी तोंडावर मागितला. अन् परत मागीन. चोरून नेऊन काय करू, पोरांना लपवून शिकवू का?"

"सोमवारी दुपारी दुकानात गेला होतात?"

"गेली होती. पोहे घेतले. प्रताप म्हणाला वैदेही मागं आली आहे, तर मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावली असेल, म्हणून मी पण सोडून दिलं." ती माझ्याकडे वळली. "तू रागावली होती का?"

मी मान हलवली.

दुसरा शैलेंद्र सावंत, आमच्या मराठी कप्प्याच्या कमिटीचा अध्यक्ष. हार्लेमला राहतो, सहा फुटांच्या वर, आणि स्वतःच्या मताच्या प्रेमात. ओली पुस्तकं टाकून द्यावीत, सगळं स्कॅन करून टाकावं, हे त्याचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. व्हिडिओ कॉलवर तो लगेच सुरू झाला.

"हे बघा, माझा रोल क्लिअर आहे. त्या डिक्शनरीत कुणीतरी पेन्सिलीने गिरगिटलंय. सेंटिमेंटल व्हॅल्यू असेल, पण लायब्ररी व्हॅल्यू काय? आनेलीस आता खेमेंतेला, म्हणजे म्युनिसिपालिटीला, रिपोर्ट देणार की भारतीय स्वयंसेवकांच्या ताब्यातून पुस्तक गेलं. छपराच्या दुरुस्तीचा निर्णय त्यांच्याकडे आहे. ज्याच्याकडे किल्ली, त्याची जबाबदारी, एवढंच मी म्हणेन."

"घरी जेवणात नारळ असतो तुमच्या?" सुश्रुतने विचारलं.

शैलेंद्रला वाटलं कनेक्शन तुटलं. "काय? मालवणी माणूस आहे मी. नारळाशिवाय काय खाणार?"

"सायकल चालवता?"

"अहो, मी हार्लेमहून गाडीने येतो. आणि सोमवारी आलोच नव्हतो, दिवसभर कॉलवर होतो. हवं तर ऑफिसला विचारा."

तिसरा प्रताप. सुश्रुतने त्याच्या फ्रीझरला हात लावला नाही, किल्ली पाहिली नाही. मागच्या काचेशी उभा राहिला आणि म्हणाला, "प्रतापराव, ताईने हात केला तेव्हा तिचा कोट कुठपर्यंत येत होता?"

प्रताप विचारात पडला. मग त्याने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. "इथपर्यंत. गुडघ्याच्या जरा वर."

मी कोट घालूनच उभी होते. त्याने माझ्या पोटऱ्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"वहिनी, म्हणजे मी तुमच्यावर उगाचच..."

"असू दे," सुश्रुत म्हणाला. "आई बऱ्या आहेत ना तुमच्या?"

"काल रात्रीपासून जरा खोकतेय. का हो?"

इतका वेळ संथ असणारा माझा भाऊ दुकानातून जवळजवळ पळत बाहेर पडला.

५

"चल घरी," रस्त्यात तो म्हणाला. "उंच माणूस होता. शैलेंद्र उंच आहे, मान्य. पण त्याच्याकडे तुझा कोट कुठून येणार? तुझी किल्ली कुठे असते?"

"दाराशेजारच्या खिळ्याला."

"कोट?"

"त्याच खिळ्याला. सोमवारी निघताना ऊन होतं, मी घातलाच नव्हता." आणि मग सायकलवरून पडता पडता वाचले होते ते आठवलं. "सीट," मी म्हटलं. "मंगळवारी माझं सीट वर होतं."

"किल्ली तुझ्या घरातली, कोट तुझ्या घरातला, सायकल तुझ्या दारातली. चोर बाहेरून आलाच नाही ताई. इथून निघाला आणि इथेच परत आला."

"म्हणजे तू पण माझंच नाव घेतोस."

"तू पाच फूट. काकू सायकल चालवत नाहीत. या घरात उंच कोण आहे?"

मी उभी राहिले. शेजारून ट्राम गेली. सहा दिवस ज्याच्या दाराबाहेर मी ताट ठेवत होते, त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. बंद खोलीतल्या माणसाला काय विचारायचं?

"त्याला ताप होता रे," मी कशीबशी म्हणाले.

"सोमवारपर्यंत उतरला होता. ताई, नारळाची पाकिटं प्रतापकडची नाहीत, कुणाच्या तरी घरातली आहेत. काकूंना वाटण कशाचं घालायचं होतं? काय सापडेना त्यांना?"

मला उत्तर द्यायची गरज नव्हती. आमचा फ्रीझर त्यांच्याच ताब्यात असतो. त्यात नारळ किती आणि मिरच्या किती, याची मला त्या आल्यापासून गंधवार्ता नव्हती.

"आणि करपलेली आमटी मस्त कोण म्हणतं? तुझ्या लग्नात बासुंदीला धुराचा वास लागलाय म्हणून भाऊजींनी आचाऱ्याला उठवलं होतं. भाऊजींचं नाक गेलंय. म्हणूनच जिन्यात येणारा वास त्यांना येत नाही. तो तुझ्या कोटाचा नाहीये. बुरशीचा आहे."

"पण का? स्वतःच्या बापाचं पुस्तक..."

"ते तेच सांगतील. मला एवढंच कळतंय की गोणभर तांदूळ ओल्या वस्तूसाठी लागतो."

६

दार आशुतोषने पहिल्या हाकेला उघडलं. मास्क लावला होता, दाढी वाढली होती. खोलीत हीटर पूर्ण सोडलेला, आणि तो आंबट, कोंदट वास असा अंगावर आला की मी जिन्याच्या कठड्याला धरलं. तो मात्र त्यात शांत उभा होता.

पलंगाशेजारी प्लास्टिकचं मोठं खोकं होतं, तांदळाने काठोकाठ भरलेलं. मधोमध शब्दकोशाची पाठ दिसत होती.

"माझा फोन सुकला होता असा," तो म्हणाला. "मला वाटलं दोन दिवसांत होईल."

सुश्रुत खाली बसला, हातमोजे चढवले आणि ठोकळा अलगद वर काढला. पानं फुगून कडेला लाटांसारखी झाली होती. तांदळाचे दाणे फुगून कडांना चिकटले होते. बांधणीच्या बाजूला राखाडी ठिपके धरले होते.

"पांढरं ते पीठ आहे ना?" आशुतोषने विचारलं.

"नाही," सुश्रुत म्हणाला.

आशुतोष पलंगावर बसला. चाळीशीचा माणूस, पण असा बसला की मला त्याच्यावर ओरडताच येईना. ओरडायचं ठरवून आले होते मी. दोन दिवस माझ्यावर आळ होता आणि हा वरून आमटीचं कौतुक करत होता.

"आई शनिवारी दाराशी आली होती," तो म्हणाला. "म्हणाली, बाबांना हॉस्पिटलमध्ये प्लास्टिकमध्ये बांधलं आणि बर्फात ठेवलं. मला दाखवलं नाही. आता त्यांचं अक्षर पण तसंच बांधून बर्फात ठेवलं. परत तेच रे, म्हणाली. मला ऐकवेना. तेव्हा मी काहीच करू शकलो नव्हतो. हा फ्रीझर तर चौकात होता."

"मला सांगायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस. बरोबर म्हणाली असतीस. गुरुवारी गाडी जाईपर्यंत कुणाला कळणार नाही असं वाटलं. मला फक्त वाळलेलं पुस्तक तिच्या हातात द्यायचं होतं. मग मंगळवारी तुला रडताना ऐकलं, तेव्हा सांगायला उठलो होतो. पण सांगितलं तर मी बाहेर पडलो होतो हे पण सांगावं लागणार. प्रतापची आई तिथे बसलेली असते." त्याने सुश्रुतकडे पाहिलं. "ती बरी आहे ना?"

"खोकतेय," सुश्रुत म्हणाला. "आत्ताच्या आत्ता फोन करा."

त्याने फोन उचलला. नंबर मी लावून दिला. प्रतापने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "टेस्ट करतो तिची. वहिनींना मी सरळ चोर ठरवलं, आणि तुम्ही ते होऊ दिलंत." फोन बंद झाला. आशुतोष तसाच धरून बसला.

"हा माझा तांदूळ."

आम्ही तिघंही वळलो. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी धावले, आई, तुम्ही आत येऊ नका म्हणाले, मास्क तरी लावा म्हणाले. त्या खोक्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी डिसेंबरपासून पाहिलं नव्हतं.

"जिन्याखालचीच गोण ना? आणि नारळ?"

"चार पाकिटं," मी म्हणाले. "तीही होती, आई. सगळं होतं."

त्या स्टुलावर टेकल्या. डोळ्यांना पदर लावला. हे शब्दकोशासाठी नव्हतं, अजून त्यांनी तो पाहिलाच नव्हता. मग सुश्रुतच्या हातात काय आहे ते त्यांना दिसलं.

त्यांनी हात पुढे केला. सुश्रुतने हातमोजे त्यांच्या हातात चढवले आणि ठोकळा मांडीवर ठेवला. त्यांनी एका पानाची कड बोटाने उचलली. समासातली पेन्सिल जशीच्या तशी होती. शाई असती तर वाहून गेली असती.

"वाचेल का?"

"पेन्सिल टिकेल, काकू. कागद टिकवायला हवा. आज रात्रभर असा राहिला तर बुरशी आत जाईल. यावर उपाय एकच आहे." सुश्रुतसारखा माणूस पुढचं वाक्य बोलायला घाबरला. "परत फ्रीझर."

आशुतोषने मान खाली घातली. मला वाटलं, आता त्या नको म्हणणार, आणि नको म्हणाल्या तर त्यांना समजवायला आमच्यापैकी कुणाची जीभ उचलणार नव्हती.

"प्लास्टिक आण वैदेही," त्या म्हणाल्या. "आणि माझी ती मऊ पांढरी ओढणी. तेव्हा दुसऱ्यांनी बांधलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही. आता मी बांधते."

७

त्या रात्री पुडकं आमच्याच फ्रीझरमध्ये, नारळाच्या रिकाम्या जागेत गोठलं. गुरुवारी सकाळी गाडी येण्याच्या आधी सासूबाईंनी स्वतः, मास्क लावून, ते प्रतापच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. जागा हाताने साफ केली, पुडकं ठेवलं, वर तळवा टेकवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. गार लागत असणार. आम्ही कुणी घाई केली नाही. प्रतापच्या आईची टेस्ट निगेटिव्ह आली होती, पण ती दुकानात नव्हती आणि प्रताप माझ्याशी बोलत होता, पण आशुतोषशी अजून बोलत नव्हता. ते भरून यायला वेळ लागणार होता.

आनेलीसला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, रिपोर्टमध्ये 'पुस्तक सापडले' एवढंच लिहिलं, आणि मग विचारलं, तांदूळ खरंच चालत नाही का? तिच्या मुलाच्या फोनसाठी तिनेही तेच केलं होतं.

मार्चमध्ये आई पुण्याला गेल्या, एकट्या. जाताना त्यांनी आमच्या फ्रीझरमध्ये काय काय आहे ते मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. एकही चूक नव्हती.

नव्या छपराखाली वाचनालय सप्टेंबरात उघडलं. शब्दकोश आला तो दुप्पट जाड होऊन. मिटत नाही, कप्प्यात दोन पुस्तकांची जागा खातो. आनेलीसने तो मला टेबलावर उघडून दाखवला. एका पानाच्या बेचक्यात, माझ्या सासऱ्यांच्या पेन्सिलीशेजारी, तांदळाचा एक दाणा वाळून घट्ट बसला होता. तिने चिमटा उचलला.

मी व्हिडिओ कॉल लावून तो दाणा आईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिला.

"राहू दे तो," त्या म्हणाल्या. "आशुतोषने घातलाय."